बरं होऊन जायचं कुठं?

फिजिओथेरपीच्या तपासणीच्या फॉर्मवर शेवटाकडे एक रकाना असतो, 'रुग्णाची अपेक्षा'. नाव, गाव, आजार, ऑपरेशन, सांधा किती अंश वाकतो, स्नायूत जोर किती, एवढं सगळं भरून आपण तिथवर पोचतो तोपर्यंत बाहेरच्या बाकावर पुढचे चौघे ताटकळलेले असतात. त्यामुळे बहुतेक फॉर्मवर त्या रकान्यात एकच वाक्य दिसतं, 'वेदना कमी होणे'. गुडघ्याच्या आजीबाईंना तेच, लकवा झालेल्या मास्तरांना तेच आणि वाळूजच्या कंपनीत बोटं गेलेल्या पोरालाही तेच. अपेक्षा रुग्णाची, वाक्य आमचं.

मी गारखेडा परिसरात काम करते. आधी काही वर्षं एका ट्रस्टच्या दवाखान्यात होते, आता स्वतःचं छोटं क्लिनिक आणि घरी जाऊन व्यायाम देणं असं दोन्ही चालतं. शहराचं नाव बदललं तरी माझे म्हातारे पेशंट 'औरंगाबादला दाखवलं' असंच म्हणतात आणि नातवंडं त्यांना 'संभाजीनगर म्हण' असं सांगत बसतात. गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण, शिवाय जालना आणि बीडकडूनही माणसं येतात. मोठं दुखणं आधी घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात निस्तरलेलं असतं. माझ्याकडे येतं ते उरलेलं. लोकांच्या भाषेत मी 'व्यायामवाली म्याडम', नाहीतर 'करंटच्या मशीनवाली'.

'काय होतंय?' या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, दुखतंय. 'काय व्हायला पाहिजे?' असं विचारलं तर तेही ठरलेलं, बरं व्हायला पाहिजे. मग मी तिसरा प्रश्न विचारायला लागले: बरं वाटल्यावर सगळ्यात आधी काय करणार? इथे माणूस थांबतो. आधी हसतो, बरोबर आलेल्याकडे बघतो आणि मग एकदम नेमकं काहीतरी सांगतो. नाथषष्ठीला पैठणला जायचंय. औरंगपुऱ्यातून भाजी स्वतः निवडून आणायचीय, सुनेला वांगी कळत नाहीत. दिवाळीच्या आत कापूस वेचायला उभं राहायचंय. रात्री कुणाला न उठवता मोरीत जाऊन यायचंय. यातली एकही गोष्ट एक्स-रेमध्ये दिसत नाही, पण उपचार काय करायचा ते यावरूनच ठरतं.

बिडकीनच्या पुढच्या एका गावातल्या बाई होत्या. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. ऑपरेशन उत्तम झालं होतं, टाके सुकले होते, गुडघा शंभर अंशांच्या वर वाकत होता, वॉकर सुटला होता. फाइलच्या दृष्टीने त्या बऱ्या झाल्या होत्या. तरी तोंड पडलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "एसटीत चढता येत नाही." २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. गावातल्या सगळ्या बाया लेकीबाळींकडे, देवाला जाऊन आल्या आणि या ओट्यावर बसून गाड्या मोजत होत्या. "अर्धं तिकीट झालं अन् मव्हे पायच गेले बघा," असं म्हणून त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

मग मी एका संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर टेप घेऊन गेले. उभ्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून मोजली. वाहकाने, "काय म्याडम, कंप्लेंट करायची का?" असं विचारलं. आमच्या क्लिनिकमध्ये जिन्याच्या सरावासाठी लाकडी पायरी असते, तिच्या दुपटीहून ती जास्त उंच भरली. म्हणजे इतके दिवस आम्ही त्या बाईंना बंगल्याच्या जिन्याचा सराव देत होतो आणि त्यांना चढायचं होतं एसटीत. पाट, फळ्या रचून तेवढी उंची केली. भिंतीला उभा पाइप ठोकून घेतला, गाडीच्या दाराला असतो तसा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा आमचा नेहमीचा धडा; त्यांचे दोन्ही गुडघे नवे, तेव्हा चांगला कुठला हे त्यांनीच ठरवलं. अडचण वेगळीच निघाली, पिशवीची. लेकीकडे जायचं तर हातात पिशवी असणारच, आणि पिशवी असली की दांडा एकाच हाताने धरावा लागतो. त्यावरचा तोडगाही त्यांचाच, पिशवी आधी वर फेकायची, मग दोन्ही हातांनी दांडा धरून चढायचं. आठवडाभर आमच्या क्लिनिकमध्ये पाच किलो ज्वारीची पिशवी फेकण्याचा व्यायाम चालला होता. कुठल्याच पुस्तकात तो नाही.

पुस्तकांचं निघालंच आहे तर सांगते. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाचं कसं चाललंय हे मोजायला जगभर 'वोमॅक' नावाची प्रश्नावली वापरतात. कॅनडात तयार झालेली, प्रश्न चोवीस. जिना चढताना किती त्रास होतो, गाडीत बसताना-उतरताना किती, मोजे घालताना किती, मोजे काढताना किती, आंघोळीच्या टबात उतरताना किती. आमच्या आजीबाईंनी जन्मात मोजे घातलेले नाहीत आणि टब पाहिला असेल तर सिनेमात. उलट मांडी घालता येते का, शौचाला उकिडवं बसता येतं का, हे त्यात कुणी विचारतच नाही. ही उणीव महाराष्ट्रातच ओळखली गेली आणि भरूनही काढली गेली. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावलीचं आपल्याकडच्या राहणीला धरून रूपांतर केलं. खाली बसणं, उकिडवं बसणं त्यात आलं. याच डॉ. चोप्रांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली होती. गावात जाऊन माणसं कशी बसतात-उठतात हे पाहिल्यावर असे प्रश्न आपोआप सुचत असणार.

बसण्या-उठण्याचा हिशेब अंशांत मांडला की गोष्ट लगेच लक्षात येते. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६०-६५ अंश वाकला तरी भागतं. जिन्याला ९० च्या आसपास लागतात, खुर्चीतून उठायला जरा जास्त. उकिडवं बसायचं तर १३० च्या वर. आणि नमाजात सजदा करून माणूस टाचांवर बसतो तेव्हा गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडलेला असतो. वाटी बदललेला गुडघा चांगला वाकला तरी साधारण ११०-१२० पर्यंत. म्हणजे चालणं, जिना, खुर्ची जमते. जमिनीवरचं जगणं बहुतेकांच्या हातून निसटतं. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं आणि ते सांगण्यासाठी, या माणसाचं जगणं जमिनीवर किती आणि खुर्चीवर किती, हे आधी विचारायला हवं.

शहागंजच्या बाजूचे एक चाचा माझ्याकडे शेक घ्यायला यायचे. घड्याळदुरुस्तीत आयुष्य गेलेलं, बोलणं मोजकं. हाडाच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलं होतं, मुलं तयार होती, पैशाची सोय झाली होती आणि चाचाच तारीख पुढे ढकलत होते. घरच्यांना वाटायचं, घाबरतात. एकदा मशीन लावून मी बाजूला बसले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "घुटना बदलने के बाद सजदा होता क्या मॅडम?" मी खरं ते सांगितलं, जमिनीवर तसं बसणं बहुतेक जमणार नाही, खुर्चीवर बसून नमाज होईल. खुर्चीवर चालतं हे त्यांना माहीत होतंच, मशिदीत तशा खुर्च्या मांडलेल्याही असतात. "चलता है, मालूम है," ते म्हणाले, "लेकिन जब तक अपने से होता, तब तक नीचेच पढूँगा." दुखणं सोसून होईल तितके दिवस जमिनीवर, हा त्यांचा हिशेब होता. मला तो पूर्ण पटला. मग आम्ही ताकद टिकवण्याचे व्यायाम केले, उठताना हाताला आधार म्हणून एक ठेंगणा स्टूल बनवून घेतला. पुढे चालून मशिदीपर्यंत जाणंच होईना तेव्हा त्यांनी स्वतःहून तारीख घेतली. तेव्हा त्यांच्या लेखी मशिदीपर्यंत पोचणं मोठं झालं होतं, खाली बसणं मागे पडलं होतं. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, पण आधी केलं असतं तर त्यांना वाटलं असतं की आपलं काहीतरी काढून घेतलं.

रुग्णाची इच्छा नेहमीच अशी सोज्वळ असते असं मात्र समजू नका.

वाळूज एमआयडीसीत प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. जखम भरल्यावर तो माझ्याकडे आला. मी मुठीचा जोर मोजायचं यंत्र हातात दिलं तर त्याने विचारलं, "म्याडम, यात जोर कमी लावू का जास्त?" मला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे टक्के ठरलेले होते, अंगठा गेला तर ३०, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०. अपंगत्वाचे बहुतेक लाभ मिळायला २०१६ च्या कायद्याप्रमाणे किमान ४० टक्के लागतात. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हात जितका निकामी दिसेल तितके टक्के वाढतील. दुसरीकडे कंपनीत परत उभं राहायचं तर फिटनेसचा दाखला पाहिजे. एका खिडकीवर हात चांगला दिसायला हवा, दुसऱ्या खिडकीवर वाईट. पोरगं हुशार होतं, खोटारडं नव्हतं. दोन्ही खिडक्या त्याने बांधलेल्या नव्हत्या.

मी सांगितलं, यंत्रावर येईल तोच आकडा मी लिहीन, आणि मुद्दाम कमी जोर लावला तर तीन वेळच्या मापांत ते उघडं पडू शकतं. पण तुला हाताने करायचंय काय? तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, मोटरसायकल. गाव गंगापूर तालुक्यात, रात्रपाळी सुटल्यावर तिकडे जायला गाडी नाही. डाव्या हाताने क्लच दाबता आला नाही तर नोकरी असून नसल्यासारखी. मग मुठीच्या जोराचं उद्दिष्ट किलोत लिहिण्याऐवजी आम्ही क्लच लिहिला. ओळखीच्या गॅरेजमधून जुनी क्लचची मूठ आणून टेबलाला आवळली. एक गोष्ट त्याच्या बाजूची होती, क्लचचा दांडा आतल्या टोकाला अडकवलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या टोकाकडे कमी जोर लागतो, आणि उरलेली दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, नेमकी तिथेच पडतात. मेकॅनिकने केबल सैल करून दिली. तो गाडी चालवायला लागला. टक्क्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी माणूस आपलं दुखणं जपतो म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा तरी दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डापुढच्या रांगेत बसून पाहावं.

सगळ्यात अवघड असतं ते घरच्यांचं. कन्नड तालुक्यातले एक निवृत्त मास्तर अर्धांगवायूनंतर सिडकोत मुलाकडे आले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. समजत मात्र सगळं होतं. मुलाचं म्हणणं, बाबा चालायला लागले पाहिजेत. त्यांच्या बायकोने नवस बोलला होता, श्रावणातल्या शनिवारी ते खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातील. शहरातून हजारो माणसं रात्रभर चालत जातात, मास्तरही दरसाल जायचे. दोघंही माझ्यापुढे पोटतिडकीने बोलत होते आणि मास्तर खिडकीबाहेर बघत होते. नवस बाईंचा, पाय मास्तरांचे.

वाचा गेलेल्या माणसाला विचारायचं कसं? आम्ही चित्रं वापरतो: ताट, पलंग, रस्ता, देऊळ, मोरी, वर्तमानपत्र. मी ती गादीवर मांडली. मास्तरांनी डावा हात उचलला आणि मोरीच्या चित्रावर ठेवला. देवळाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा मांडणी बदलून विचारलं, तरी मोरीच. मग सुनेकडे बोट केलं आणि तो हात जोरजोरात हलवला, नाही, नाही. सून उठून आत गेली. तीच त्यांना न्यायची, धुवायची, कपडे बदलायची. एका शब्दाने कुरकुरत नव्हती. पण मास्तरांना ते रोज सोसवत नव्हतं आणि सांगता येत नव्हतं.

मुलगा म्हणाला, "फक्त तेवढंच?" 'तेवढंच' म्हणजे काय ते मी त्याला मोजून दाखवलं. कुशीवर वळणं, पाय खाली सोडून बसणं, डाव्या हाताने दांडा धरून उभं राहणं, चार पावलं, वळणं, पायजमा खाली घेणं, बसणं, धुणं, पायजमा वर घेणं, परत येणं. यातलं पायजम्याचं सगळ्यात जास्त दिवस खाऊन गेलं. नाडीची गाठ एका हाताने सुटत नाही आणि सुटली तर बसत नाही. मास्तरांना इलॅस्टिकचा पायजमा म्हणजे पोराटोरांचं वाटे, दोनदा त्यांनी तो भिरकावला. शेवटी सुनेनेच शिंप्याकडून नाडी तशीच दिसेल पण आत इलॅस्टिक असेल असा पायजमा शिवून आणला. हे मला सुचलं नसतं. मास्तर पुढे घरातल्या घरात काठीने चालले, त्याहून फार नाही. नवस बाईंनी मुलाच्या गाडीतून जाऊन फेडला.

आणि ज्यांची इच्छा पुरी होणारच नाही ते? झाडावरून, विहिरीच्या कठड्यावरून पडून मणका मोडलेली तरणी पोरं येतात. 'सगळ्यात आधी काय करणार?' या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, चालणार. इथे खोटी आशा दाखवणारे पुष्कळ असतात, लेप लावणारे, मशीनवाले, लाखभर रुपयांचं पॅकेज सांगणारे. मी सांगते, चालण्याचं मला दिसत नाही. आता त्याच्या अलीकडचं बोलू. किरेसुक आणि शेरमन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६८ मध्ये मानसोपचाराच्या कामासाठी एक पद्धत मांडली, ती मला इथे उपयोगी पडते. रुग्णाबरोबर बसून त्याच्या एकेका उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या लिहायच्या. मधली म्हणजे जे घडेल असं खरोखर वाटतं ते, तिच्यावर दोन जास्तीच्या, खाली दोन कमीच्या. पाचही पायऱ्या त्याच्या शब्दांत. व्हीलचेअरवरून पलंगावर एकट्याने जाणं हे मधल्या पायरीवर आलं की पोरगं आधी रागावतं, दोन दिवस येत नाही, मग येतं.

काय हवंय हे विचारणं-सांगणं नावाजलेल्या माणसांनाही सोपं जात नाही. अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात वडिलांच्या आजाराबद्दल लिहिलं आहे. वडील, डॉ. आत्माराम गावंडे, उमरखेडजवळच्या उटी गावचे. अमेरिकेत ओहायोमध्ये मूत्रविकाराचे सर्जन. २००६ मध्ये त्यांच्या मानेच्या मज्जारज्जूत गाठ निघाली. एका सर्जनने ताबडतोब ऑपरेशनचा आग्रह धरला. दुसऱ्याने त्यांचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, त्यांना भीती कशाची वाटते हे समजून घेतलं आणि थांबायला हरकत नाही असं सांगितलं. आत्माराम थांबले, त्यांना काम करायचं होतं, रोटरीतली जबाबदारी पार पाडायची होती, आणि काही वर्षं ती त्यांनी पार पाडली. ऑपरेशन पुढे करावं लागलंच, २०११ मध्ये ते गेले. बाप सर्जन, आई डॉक्टर, मुलगा सर्जन, आणि त्या घरातही हे प्रश्न विचारताना जीभ अडखळली, हे मुलाने प्रांजळपणे लिहिलं आहे. मग पाथर्डीच्या नाहीतर सोयगावच्या माणसाने केसपेपर हातात घेऊन, मागे रांग असताना, दोन मिनिटांत आपली इच्छा कशी सांगावी? डॉक्टरांना वेळ नाही हे खरंच आहे, त्यांना मी दोष देत नाही. पण वेळ नाही म्हणूनच रुग्णाने तयार होऊन जायला हवं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता फोनवरच सांगते, ते तुम्हालाही सांगते. दवाखान्यात जाण्याआधी, दुखणारा भाग कोणता हे लिहाल तसं, तो बरा झाला की काय करायचंय हेही एका ओळीत फाइलच्या मागे लिहून न्या. ऑपरेशन सुचवलं तर ती ओळ दाखवून विचारा, हे होईल का? आणि आई-वडिलांना घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांनी "काय त्रास आहे?" असं विचारल्यावर लगेच तोंड उघडू नका. जरा वेळ लागेल, ते आधी तुमच्याच तोंडाकडे बघतील. तरी थांबा, त्यांना बोलू द्या.